वजाबाकीचं देऊळ

वेरूळचं कैलास लेणं बांधलेलं नाही, वजा केलेलं आहे. ८व्या शतकात, राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात, कारागीर डोंगराच्या माथ्यावरून खाली खोदत आले. नको तो दगड काढला. उरलं ते देऊळ.

इंजिनीअरिंगच्या फर्स्ट इयरला असलेल्या माझ्या भावाच्या मेकॅनिक्समध्ये हाच फंडा आहे. ६ बाय ६ सेंटिमीटरच्या पुठ्ठ्याच्या एका कोपऱ्यातून ४ बाय ४चा तुकडा कापा. उरतो 'एल'. त्याचा सेंट्रॉइड, म्हणजे तोलाचा बिंदू कुठे? अख्ख्या चौकोनाचा मध्य कडेपासून ३वर, कापलेल्याचा ४वर. म्हणून ३६ गुणिले ३, वजा १६ गुणिले ४, भागिले उरलेलं क्षेत्रफळ २०. उत्तर २.२. पण पट्टी तर २च सेंटिमीटर रुंद! म्हणजे तोल पुठ्ठ्यावर नाहीच, कापलेल्या जागेत आहे.

बाबांना जाऊन वर्ष झालं. आई घरी, भाऊ होस्टेलवर, मी पुण्यात. 'आता सावरा,' असं सगळे सांगतात. सावरतोय की! पण तिघांचं कुठलंही बोलणं फिरून बाबांपाशीच येतं. ती रिकामी जागा बुजवायची घाई मला नाही. आमचा तोल सध्या तिथेच आहे.