कंधारच्या तळ्याकाठी रंगपेटी

पाचवीच्या वर्गात “निसर्गचित्र काढा” असे सांगितले की साठच्या साठ कागदांवर एकच चित्र उमटते. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या मधून उगवणारा सूर्य, डोंगरातून निघून कागदाच्या खालच्या कडेपर्यंत आलेली निळी नदी, काठावर कौलारू घर आणि एक नारळाचे झाड. नांदेडच्या मुलाच्या आणि लातूरच्या मुलीच्या चित्रात फरक इतकाच की एकाच्या आकाशात चार कावळे असतात आणि दुसरीच्या पाच. आपल्याकडे असे त्रिकोणी डोंगर आहेत कुठे? बालाघाटच्या रांगा माथ्यावर सपाट, एखादी भाकर उलटी घातल्यासारख्या. नारळ आपण बाजारातून आणतो. आपल्या भोवती आहे ती काळी जमीन, बाभळी, कडुलिंब आणि मोठे आकाश. ते मात्र मुलांच्या कागदावर कधी येत नाही.

म्हणून नांदेड आणि लातूरच्या आम्ही काही शिक्षिकांनी दिवाळीच्या सुट्टीत बावीस मुलामुलींना घेऊन दोन दिवस कंधारला मुक्काम केला. हातात मोबाइल नाही, समोर पुस्तकातले चित्र नाही, फक्त रंगपेटी, कागद आणि तळे.

कंधार आपल्या वाचकांना नवे नाही. हाजी सय्याह सरवर मखदूम यांच्या दर्ग्यामुळे आपल्या बहुतेक घरांतले कुणी ना कुणी तिथे जाऊन आलेले असते. नांदेडहून लोह्यावरून गेले तर पन्नासेक किलोमीटर, लातूरकडच्यांना अहमदपूरवरून यावे लागते. पण उरुसाला गेलेला माणूस गर्दीत जातो आणि गर्दीतच परततो. गावाजवळचे एवढे मोठे तळे तो गाडीच्या खिडकीतून पाहतो तेवढेच. या तळ्याचे नाव जगत्तुंग समुद्र. जगत्तुंग हे राष्ट्रकूट राजांचे बिरुद. म्हणजे हजार वर्षांहून जुने हे नाव आजही तळ्याला चिकटून आहे. समुद्र म्हणणे जास्तच झाले असे आम्हाला आधी वाटले होते. सकाळच्या धुक्यात पलीकडचा काठ दिसेनासा झाला तेव्हा आम्ही तो आक्षेप मागे घेतला.

मुक्काम ओळखीच्या शेतकऱ्याच्या आखाड्यावर होता. पत्र्याच्या दोन खोल्या, एक शौचालय, बोअरचे पाणी. मुली आणि सोबत आलेल्या सात माता खोल्यांत, मुले दोन वडिलांबरोबर बाहेर ताडपत्रीखाली. सकाळी खिचडी-खट्टा, रात्री भाकरी आणि वांग्याची भाजी. यापेक्षा जास्त सोय केली असती तर खर्च वाढला असता आणि निम्म्या मुली घरीच राहिल्या असत्या.

मुलींना पाठवण्याबद्दल घरोघरी दोन प्रश्न होते. मुक्कामाचा प्रश्न माता सोबत येणार म्हटल्यावर सुटला. दुसरा जास्त अवघड होता. चित्रकला आपल्या घरात चालते का? एका वडिलांनी तर मुलीचा चित्रकलेचा तास आठवीतच बंद करायला लावला होता. इंटरमिजिएट परीक्षेत स्मरणचित्राचा पेपर असतो, बाजार किंवा लग्नाची वरात असे विषय येतात आणि त्यात माणसांच्या आकृत्या काढाव्या लागतात. त्यांना ते मान्य नव्हते. फतवा देणे हे आमचे काम नाही, आणि या विषयावर उलमांमध्येही सगळ्यांचे म्हणणे एक नाही. पण एक गोष्ट आम्ही त्यांच्यासमोर ठेवली. सही बुखारीत हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांच्याकडे आलेल्या एका माणसाची हकिकत आहे. चित्रे काढणे हीच त्याची रोजी होती. सजीवांच्या चित्रांबद्दलचा इशारा ऐकून तो हादरला, तेव्हा त्यांनी त्याला झाडे आणि ज्यात प्राण नाही अशा वस्तू काढण्याची वाट दाखवली. दमिश्कच्या उमय्या मशिदीच्या भिंतींवर हीच वाट दिसते. आठव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे काचेच्या बारीक तुकड्यांनी नदी, झाडे आणि घरे जडवली गेली, आणि त्या सगळ्या देखाव्यात माणूस किंवा जनावर नाही. निसर्गचित्र ही आपल्या घरात बाहेरून आलेली गोष्ट नव्हे. त्या वडिलांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, “मीच सोबत येतो.” बाहेर ताडपत्रीखाली झोपलेल्या दोघांपैकी एक तेच.

पहिल्या दिवशी फजरच्या नमाजनंतर लगेच सगळे काठावर बसलो. वजूचे हात अजून ओले, थंडी चांगलीच. मुलांनी वाट्या तळ्यातच बुडवून पाणी घेतले. पहिल्या अर्ध्या तासात, सांगायलाच हवे, बावीसपैकी एकोणीस कागदांवर दोन त्रिकोणी डोंगर उभे राहिले. समोर एकही डोंगर नसताना! हाताला लागलेली सवय डोळ्यांना ऐकत नाही. मग आम्ही पुठ्ठ्याला पोस्टकार्डाएवढी खिडकी कापून प्रत्येकाच्या हातात दिली आणि सांगितले की खिडकीतून जे दिसेल तेवढेच काढायचे, डोळे अर्धवट मिटून आधी उजेड कुठे आणि अंधार कुठे ते पाहायचे. थोड्या वेळाने एक मुलगी ओरडली, “मॅडम, पानी नीला तो नईच है!” खरेच नव्हते. काठाजवळ ते मातकट होते, मध्ये आकाशासारखे फिके राखी आणि बाभळींच्या खाली जवळजवळ हिरवे-काळे. पाण्याला स्वतःचा रंग फार थोडा, बाकी सगळा उसना. हे वाक्य वर्गात शंभर वेळा सांगितले असते तरी त्या एका ओरडण्याएवढे कामाला आले नसते.

जलरंगांना आपली हवा मानवत नाही अशी तक्रार ऐकू येते. पावसाळी मुलखात ओल्या कागदावर रंग बराच वेळ खेळवता येतो, आपल्याकडे दहा वाजले की कागद पापडासारखा सुकतो. उपाय साधा आहे. आकाश आणि पाणी भल्या सकाळी भरपूर पाण्याने उरकून घ्यायचे आणि ऊन चढल्यावर कोरड्या कागदावर झाडे, दगड, बांध. शिवाय सावली थांबत नाही, म्हणून ती आधी आखून घ्यायची. हे समजावताना आमचे काम आपल्या मुलांनी सोपे केले. असरची वेळ सावलीवरून ठरते, हनफी मसलकप्रमाणे दुपारची मूळ सावली वगळून वस्तूच्या दुप्पट, हे त्यांना मकतबपासून ठाऊक. एका मुलाने काठी रोवून सांगितले की असरपर्यंत या बाभळीची सावली आपल्या चटईवर येणार. ती आली.

दुपारी किल्ल्यात गेलो. कंधारचा किल्ला भुईकोट, भोवती खंदक. त्याचे नाते राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या काळापर्यंत नेतात. पुढे बहमनी, निजामशाही, मोगल, आसफजाही अशा राजवटी इथून गेल्या आणि प्रत्येकीने काहीतरी बांधले. इतिहासाच्या तासाला आपण ही नावे एकाखाली एक लिहितो, इथे ती एकाच भिंतीत शेजारी शेजारी बसलेली दिसतात. इथला दगड काळा बेसाल्ट. आम्ही पेटीतला काळा रंग काढून घेतला आणि निळा व तपकिरी मिसळायला लावला. ते वडील मुलीच्या मागे उभे राहून बराच वेळ पाहत होते. शेवटी विचारले, “काला रंग तो लगाया नई, फिर पत्थर काला कैसे दिखा?” मुलीने त्यांना उन्हातला दगड दाखवला, मग सावलीतला. दोघे बाप-लेक दरवाजाच्या कमानीखाली बसून पुढचा तासभर दगडच पाहत होते. परीक्षेच्या फॉर्मचा प्रश्न त्यांच्या घरी अजून सुटलेला नाही. रंगपेटी मात्र कपाटातून बाहेर आली आहे.

रात्री आखाड्यावर शेकोटीपाशी मुलांना आबालाल रहिमान यांची गोष्ट सांगितली. आपल्या महाराष्ट्रातला हा मोठा मुस्लिम चित्रकार आपल्याच घरांत फारसा माहीत नाही, याचे आम्हाला वाईट वाटते. कोल्हापूरचा माणूस. घरात कुरआनच्या हस्तलिखित प्रती करण्याची परंपरा होती असे सांगतात. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून ते गावी परतले, शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला आणि ते कोटितीर्थ तलावाच्या काठी एकट्याने राहू लागले. घराजवळचेच पाणी आणि झाडे त्यांनी वेगवेगळ्या उजेडात रंगवली. 1922 साली महाराज वारले तेव्हा दुःखाने त्यांनी आपली हजारो चित्रे त्याच तलावात सोडून दिली, अशी आख्यायिका कोल्हापुरात सांगितली जाते. 1931 साली ते गेले. मुलांना तलावात बुडालेल्या चित्रांचीच गोष्ट जास्त आवडली, ते साहजिक आहे. आम्हाला मात्र हे सांगायचे होते की इतका शिकलेला माणूस चित्रासाठी गावातल्या एका तळ्यापाशी बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी तुरीची पिवळी फुले, कापसाची फुटलेली बोंडे असे बरेच काही झाले. एका आईने, जिने लग्नानंतर ब्रश हातात धरला नव्हता, मुलीचा उरलेला कागद घेऊन बांधावरचा कडुलिंब काढला आणि कुणाला न दाखवता पिशवीत ठेवला. पाण्यावर दूर पक्षी उतरले होते, ते काढायचे की नाही यावर मुलांत मोठा वाद झाला. काहींनी जागा कोरी सोडली, काहींनी नुसते ठिपके दिले. आम्ही मध्ये पडलो नाही.

लातूरच्या एका मुलीचे चित्र सगळ्यांत वेगळे होते. तिने पाणी कागदाच्या वरच्या कडेला पट्टीएवढे काढले आणि खाली पूर्ण काठ: चिखल, भेगा, दगडांवर राहिलेल्या पाण्याच्या जुन्या खुणा. 2016 च्या एप्रिलमध्ये मांजरा धरण आटले आणि मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले, तेव्हा ती बालवाडीत होती. पहिल्या गाडीत दहा टाक्यांमधून पाच लाख लिटर पाणी होते. तिला आठवतात त्या फक्त गल्लीत लागलेल्या घागरींच्या रांगा. तळे भरलेले असताना काठच का काढलास, असे विचारल्यावर म्हणाली, “दगडावरच्या रेघा मोजत होते. पाणी कुठवर चढतं आणि कुठवर उतरतं ते कळतं.” तिने अकरा रेघा मोजल्या होत्या.

तिच्यामुळे एक ठरले. एप्रिलमध्ये, परीक्षा संपल्यावर, त्याच मुलांनी त्याच दगडांवर बसून तेच तळे पुन्हा काढायचे. ऊन कडक असेल म्हणून फजर ते साडेनऊ एवढेच काम, मुक्काम नाही. पालकांपैकी कुणाला सोबत यायचे असेल तर रंगपेटी, कार्ट्रिज कागद, पुठ्ठ्याची खिडकी आणि टोपी आणावी. काळा रंग आम्ही काढून घेणार आहोत.