टेकणे आणि बसणे

ज्या शब्दामुळे एका माणसाचा पेटंटचा अर्ज बुडाला, तो शब्द माझ्या लेखणीतून उतरला होता. हे आरंभीच सांगून टाकतो, म्हणजे पुढील मजकूर वाचताना वाचकांनी दोषी शोधण्याचे कारण उरणार नाही. आमच्या सीमाभागात भाषेच्या अन्यायाविषयी लिहिताना आपण बहुधा समोरच्याकडे बोट दाखवतो. ते बहुतेक वेळा योग्यही असते. येथे मात्र बोट माझ्याकडेच वळते.

बेळगावच्या उद्यमबागेत हायड्रॉलिक व्हॉल्व्ह तयार करणारा एक छोटा कारखाना आहे. त्याचे मालक माझे जुने पक्षकार. शिक्षण आयटीआयपर्यंतचे, पण तीस वर्षे तेलाचा दाब आणि पोलादाचा स्वभाव ह्यांच्याशी हातघाई केलेला माणूस. ७ ऑगस्ट २०२० रोजी कोळिकोडच्या पठारी धावपट्टीवरून विमान पुढे घसरून खाली कोसळले आणि २१ माणसे दगावली. त्यापूर्वी २२ मे २०१० रोजी मंगळूरला अशाच पठारी धावपट्टीवर १५८ जण मृत्युमुखी पडले होते. टाळेबंदीने कारखाना अर्धा बंद, हाताला काम नाही. अशा दिवसांत ह्या गृहस्थांच्या मनात त्या दोन अपघातांनी ठाण मांडले. सांबऱ्याच्या विमानतळाच्या कुंपणाबाहेर उभे राहून त्यांनी कितीतरी विमाने उतरताना पाहिली, आणि २०२१च्या आरंभी एक दोनशेपानी वही माझ्या टेबलावर ठेवली. विमानासाठी स्वयंचलित आपत्कालीन ब्रेकव्यवस्था, असा तिचा विषय होता.

वहीतील पहिले वाक्य ते स्वतःच वाचून दाखवू लागले. "वकीलसाहेब, विमान आधी टेकतंय, मग बसतंय. ह्या दोन्हीच्या मधी जे हाय की नाही, तेच माझं यंत्र."

मला त्या क्षणी हे वाक्य गोड वाटले, महत्त्वाचे वाटले नाही.

विमानात आपोआप लागणारा ब्रेक ही नवी वस्तू नव्हे. चाक जाम होऊन घसरू नये म्हणून ब्रेकचा दाब क्षणोक्षणी सोडणारे डनलॉपचे मॅक्सारेट यंत्र १९५०च्या दशकातच विमानांत आले. मोटारींना ती सोय पुष्कळ नंतर मिळाली. आजच्या प्रवासी विमानांत वैमानिक उतरण्यापूर्वीच ब्रेकची तीव्रता निवडून ठेवतो आणि चाके जमिनीला लागल्यावर यंत्रणा ब्रेक आपण होऊन लावते. उड्डाण अर्ध्यावर सोडून द्यावे लागले, तर इंजिनाचे दांडे मागे ओढताच पूर्ण जोराचा ब्रेक बसावा, अशीही योजना असते. एअरबसने तर उरलेली धावपट्टी पुरेल की नाही ह्याचा हिशेब सतत करून वैमानिकाला सावध करणारी आणि गरज पडल्यास ब्रेक वाढवणारी यंत्रणा ए-३८० वर आणली. उद्यमबागेतल्या माणसाने ह्या सर्वांपुढे नवे असे काय मांडायचे? त्यांचे म्हणणे मोजके होते. दोन्ही बाजूंच्या मुख्य चाकांचा एकत्र विचार करू नका. जी बाजू जेवढी बसली, तिला तेवढा ब्रेक त्याच क्षणी द्या. दुसरी बाजू बसण्याची वाट पाहू नका. विमान एकीकडे ओढले जाणार नाही ह्याची काळजी घेणारा व्हॉल्व्ह त्यांनी कागदावर आखला होता.

पेटंटला आपल्या परिभाषाकोशात 'एकस्व' असा नेटका शब्द आहे. तो शब्द कोशाबाहेर फारसा पडला नाही, कारण तो वापरण्याची जागाच कुठे नाही. पेटंट नियमांतील नववा नियम सांगतो की कागदपत्रे हिंदीत किंवा इंग्रजीत असावीत. शिवाय कर्नाटकातील अर्जदाराचा अर्ज चेन्नईच्या कार्यालयाकडे जातो, महाराष्ट्र व गोव्यातील अर्जदाराचा मुंबईकडे. हाच कारखाना पंधरा-वीस किलोमीटरवरच्या शिनोळीला असता तर अर्ज मुंबईस गेला असता. मुंबईतही मराठी चालत नाही, त्यामुळे ह्या एका बाबतीत सीमेच्या अलीकडचा आणि पलीकडचा मराठी माणूस अगदी समान पातळीवर आहे!

माझी स्वतःची स्थितीही मजेची होती. पेटंट एजंट होण्यासाठी विज्ञानाची वा अभियांत्रिकीची पदवी लागते. माझ्याकडे कायद्याची आहे. म्हणजे अर्ज मी चालवू शकत नाही. मात्र सुनावणी लागल्यास पक्षकाराच्या वतीने उभा राहू शकतो, कारण कलम १३२ वकिलाला तेवढी मुभा देते. तेव्हा चेन्नईचे एक अभ्यासू एजंट शोधले. त्यांना मराठी येत नव्हते, माझ्या पक्षकारांना इंग्रजी येत नव्हते. वहीचे भाषांतर करण्याचे काम ओघानेच माझ्याकडे आले. मी ते आठ रात्री बसून केले, आणि खरे सांगायचे तर त्या भाषांतराचा मला अभिमान वाटत होता. वहीतील पुनरुक्ती मी काढली, बोलभाषेतील खडबडीतपणा घासला. 'टेकल्यावर' आणि 'बसल्यावर' हे दोन्ही शब्द वहीभर विखुरलेले होते. इंग्रजी वाक्य सुबक व्हावे म्हणून दोन्हीकडे मी 'ऑन लँडिंग' असे लिहिले.

मी जपून भाषांतर केले ते भलत्याच शब्दाचे. 'इमर्जन्सी'साठी वहीत 'अडीनडीचा ब्रेक' असे होते. 'आणीबाणी' म्हटले की माझ्या पिढीच्या डोळ्यांपुढे १९७५ उभे राहते, म्हणून मी 'आपत्कालीन' की 'तातडीचा' ह्यावर एक अख्खी संध्याकाळ घालवली. ज्याचे रूपांतर शेवटी इंग्रजीतच व्हायचे होते त्या शब्दाच्या मराठी पर्यायावर एवढा खल!

पेटंटच्या अर्जाचा गाभा म्हणजे त्याच्या शेवटी येणारे दावे. कचेरीत आपण दावा दाखल करतो तो हा नव्हे. येथे दावा म्हणजे एक वाक्य. कितीही लांब असो, एकच वाक्य, आणि मालकीची हद्द त्या वाक्याने आखली जाते. जमिनीच्या चतुःसीमा लिहिण्याची सवय असलेल्या वकिलाला हे चटकन उमगते. 'कम्प्राइझिंग' लिहिले तर सांगितलेल्या भागांखेरीज आणखी भाग असले तरी चालतात; 'कन्सिस्टिंग ऑफ' लिहिले तर एवढेच भाग, जास्त नाही. ह्या दोन इंग्रजी शब्दांतील फरक मी परिश्रमाने शिकून घेतला. दोन मराठी क्रियापदांतील फरक मात्र जन्मापासून ठाऊक असल्यामुळे शिकावासा वाटला नाही.

२०२३ साली परीक्षण अहवाल आला. उत्तरास मुदत सहा महिने. त्यात दोन मुख्य आक्षेप होते. पहिला असा की चाके जमिनीला लागल्यावर आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा पूर्वीपासून ज्ञात आहे. त्या क्षेत्रातील कुशल माणसाला प्रस्तुत व्हॉल्व्ह सहज सुचला असता. ह्या मुद्द्यावर आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा १९७८चा बिश्वनाथ प्रसाद खटला आजही मैलाचा दगड मानला जातो. वाद होता भांडी लेथवर धरण्याच्या साधनाचा. कारखान्यात काम करता करता होणारी साधी सुधारणा म्हणजे शोध नव्हे, त्याहून अधिक काही हवे, असा त्याचा आशय. दुसरा आक्षेप कलम १०चा: 'ऑन लँडिंग' म्हणजे नेमका कोणता क्षण, हे स्पष्ट होत नाही.

तो अहवाल वाचता वाचता मला वहीतील पहिले वाक्य आठवले आणि पोटात खड्डा पडला.

त्या आठवड्यात मी वॉर्सा येथील अपघाताविषयी वाचले. १४ सप्टेंबर १९९३, लुफ्तान्साचे एअरबस ए-३२० विमान. पाऊस, धावपट्टी ओली, वाऱ्याने ऐनवेळी दिशा बदललेली. बाजूच्या वाऱ्याच्या अपेक्षेने विमान उजवीकडे कलते ठेवले होते, त्यामुळे उजवी चाके आधी टेकली. डावी सुमारे ९ सेकंदांनी. पंखांवरचे स्पॉयलर उघडण्यासाठी यंत्रणेला दोनपैकी एक अट पूर्ण हवी होती: दोन्ही मुख्य पायांवर प्रत्येकी ६.३ टनांचा भार, किंवा चाके ठरावीक वेगाने फिरू लागणे. इंजिनाचा उलटा जोर मिळण्यासाठी तर दोन्ही पायांवरचा भार हवाच होता. ओल्या धावपट्टीवर चाके पाण्यावरून सरकत राहिली, दुसऱ्या पायावर भार यायला वेळ लागला. विमान जमिनीवर होते, वैमानिकाला ते कळत होते, पण यंत्राच्या व्याख्येनुसार ते अजून उतरलेले नव्हते. २,८०० मीटरची धावपट्टी संपली, विमान पलीकडच्या मातीच्या बांधावर आदळून पेटले आणि दोघांचा मृत्यू झाला. पुढे भाराची ती मर्यादा कमी करण्यात आली.

म्हणजे विमान टेकले होते आणि बसले नव्हते. वॉर्साचे नावही न ऐकलेल्या एका माणसाने सांबऱ्याच्या कुंपणापाशी उभे राहून नेमकी हीच फट पाहिली होती, आणि तिच्यासाठी त्याच्या बोलीत दोन तयार क्रियापदे होती. कोंबडी अंड्यांवर बसते, धूळ बसते, घडी बसते. बसण्यात वजनाचा आणि स्थिरावण्याचा भाव आहे. पाठ भिंतीला टेकते, बोट कपाळाला टेकते. टेकण्यात फक्त स्पर्श आहे. एजंटांना कारण कळले असते तर त्यांनीही इंग्रजीत दोन वेगळे शब्द योजले असते. इंग्रजी ह्या बाबतीत मुळीच दुबळी नाही. दुबळा ठरला तो मधला माणूस.

आम्ही सुधारित दावा पाठवला: स्पर्शाचा क्षण निराळा, भार येण्याचा क्षण निराळा, प्रत्येक बाजूचा ब्रेक स्वतंत्र. सुनावणी पडद्यावर झाली. मी पाऊण तास बोललो. नियंत्रकांनी शांतपणे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला: हा भेद मूळ विवरणात कुठे आहे? कलम ५९ प्रमाणे अर्जात सुधारणा करता येते. पण मुळात जे उघड केलेच नव्हते ते सुधारणेच्या दाराने आत आणता येत नाही. मी आकृतीकडे बोट दाखवले. आकृतीत एकच चौकोन होता, त्यावर 'लँडिंग सेन्सर' असे लिहिलेले. मूळ मराठी वही माझ्या हाताशी होती; पण ती अर्जाचा भाग नव्हती. नियंत्रकांचा निर्णय कायद्याला धरून होता. त्यांच्या जागी मी असतो तर तोच दिला असता.

अर्ज नामंजूर झाल्याचे सांगायला मी स्वतः कारखान्यात गेलो. माझी चूकही सांगितली. ते बराच वेळ लेथकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तुम्ही विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की." एवढेच. त्यांनी आवाज चढवला असता तर मला बरे वाटले असते. हा भेद मूळ विवरणात असता तर पेटंट मिळालेच असते, असेही मी म्हणत नाही. कदाचित तेही कोणीतरी आधीच केलेले निघाले असते. पण मग तो पराभव त्यांच्या यंत्राचा असता.

आता नवा अर्ज तयार होतो आहे. मधली तीन वर्षे गेली ती गेलीच. पहिला अर्ज अठरा महिन्यांनंतर प्रसिद्ध झाल्यामुळे आता तोही पूर्वज्ञात ज्ञानात जमा आहे, आणि आम्हाला आमच्याच जुन्या मजकुराहून वेगळे ठरायचे आहे. पद्धत मात्र बदलली आहे. दर शनिवारी ते माझ्या कचेरीत येतात. एजंटांनी पाठवलेला इंग्रजी मसुदा मी एकेक वाक्य पुन्हा मराठीत करून त्यांना ऐकवतो, आणि ते डोळे मिटून ऐकतात. काम फार हळू चालते. एका बैठकीत दीड पान झाले तर पुष्कळ. गेल्या शनिवारी मी वाचले, "डाव्या खांबावर ठरावीक वजन आल्यावर..." त्यांनी लगेच हात वर केला.

"वजन न्हवं, साहेब. दाब. वजन विमानाचं, दाब तेलाचा. माझा व्हॉल्व्ह तेलाशी बोलतंय."

मी लेखणी उचलली आणि चेन्नईला पाठवायच्या प्रश्नांत हा नववा प्रश्न लिहून घेतला.