दम आधी येतो

पाऊस ओसरला की पुण्यात आम्हा इव्हेंटिंगवाल्यांचं, म्हणजे ड्रेसाज, क्रॉस-कंट्री आणि शो-जंपिंग या तिन्हींत एकच घोडा उतरवणाऱ्यांचं, वर्ष सुरू होतं. चार महिन्यांत मैदान चिखलाने फुटलेलं असतं. घोडे बराच वेळ पागेत उभे, ओलीने खुरांचे तळ मऊ पडलेले, आणि गोमाश्या वाढल्या की सर्रा हा आजार होईल ही धास्ती वेगळीच. नालबंद येतो, खूर तासून नवे नाल ठोकून जातो. त्यानंतर बरेच आठवडे काम एकच, घोड्याला पावलांनी चालवणं. उड्या नाहीत, दौड नाही. टेकडीचा कच्चा रस्ता, सैल लगाम आणि चाल.

नव्या मुलांना याचा कंटाळा येतो. मला मात्र सबंध मोसमात याहून मोलाचं काम दिसत नाही. घोड्याचं सगळं शरीर एकाच वेळी तयार होत नाही. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांतच जोमाने चालू लागतात, स्नायूही मागोमाग भरतात. हाडं आणि पायाच्या मागून खाली उतरणारे टेंडन मात्र महिने घेतात. मोसमाच्या सुरुवातीचे चढउतार मला बहुतेक वेळा या तफावतीतच सापडतात. दम आलेला असतो, पाय यायचे असतात.

माझी मैना रेसकोर्सवरून निवृत्त झालेली थरोब्रेड घोडी. पळणं तिच्या रक्तातच आहे. ऑक्टोबर हीटमध्येही पहाटे पहिल्यांदा गॅलप सोडलं की ती अशी निघते, जणू मध्ये पावसाळा झालाच नाही. खाली उतरून मी ठोके मोजते. आरामात असताना घोड्याचे ठोके मिनिटाला तीस-चाळीसच्या घरात असतात. दौडीनंतर दहा मिनिटांत ते साठच्या आसपास आले की छाती आनंदाने भरून येते, कागद काढून लगेच स्पर्धेची नोंदणी करावीशी वाटते. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमचे मोतद्दार काका म्हणतात, “ताई, पुढच्या डाव्या पायाला हात लावून बघा बरं.” किंचित ऊब, बोटाला जेमतेम कळेल एवढी सूज. आदल्या दिवशीचे सुंदर ठोके तिथे काहीच कामाचे नसतात. आठवड्याचं वेळापत्रक बाजूला पडतं, पायावर थंड पाण्याची धार आणि पुन्हा चाल. मोतद्दाराचा तो हात मला कुठल्याही यंत्राहून खात्रीचा वाटतो, आणि आपल्या खेळात त्या हाताचं नाव फारसं कुणी घेत नाही याचं वाईट वाटतं.

मनाचंही असंच. गेल्या मोसमात डोळे झाकून मारलेल्या चरावर मैना अचानक थबकते. उन्हातून झाडांच्या गर्द सावलीत शिरताना घोड्याच्या डोळ्यांना आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. सावलीतल्या अडथळ्याशी ती नेमकी अडते. तिथे टाच मारून भागत नाही. दुडकीवर यायचं, दाखवायचं, लहान उडी द्यायची. याउलट ड्रेसाजमध्ये, जिथे या घोडीकडून आशा कमी, तिथे चालण्याच्या त्या आठवड्यांनीच पाठ सैल होते आणि एखाद्या सकाळी ती स्वतःहून मान खाली सोडते. त्या सकाळसाठी मी हा खेळ खेळते.

पहिल्या स्पर्धेत खरी परीक्षा घड्याळाची. क्रॉस-कंट्रीत ठरलेल्या वेळेनंतरच्या प्रत्येक सेकंदाला ०.४ दंडगुण, एकदा अडली तर २०. शो-जंपिंगमध्ये दांडी पडली तर ४. म्हणजे दहा सेकंद उशीर एका पडलेल्या दांडीएवढा, आणि अडण्याची बरोबरी करायला तब्बल पन्नास सेकंद रेंगाळावं लागतं. आपला इव्हेंटिंगपटू फुआद मिर्झा टोकियो ऑलिंपिकमध्ये क्रॉस-कंट्रीत एकाही अडथळ्यावर न चुकता २८ सेकंद उशिरा आला, दंड ११.२० गुणांचा. तरी तो अंतिम फेरीत पोहोचला आणि २३वा आला. १९८२च्या दिल्ली एशियाडनंतर एशियाडमधलं घोडेस्वारीतलं पहिलं वैयक्तिक पदक भारताला त्यानेच जकार्तात, २०१८ साली मिळवून दिलं. त्याचा तो टोकियोचा राउंड मी विद्यार्थ्यांना आवर्जून दाखवते. आमचे पालक निकालाच्या तक्त्यात वरचा नंबर शोधतात. मी आधी वेळेच्या रकान्यात पाहते आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिथे शून्य दिसलं की मला आनंदाऐवजी काळजी वाटते. तेवढ्या वेगाची किंमत जानेवारीत कुठला पाय मोजणार आहे, हे तेव्हा कुणालाच दिसत नसतं.

म्हणून यंदाही मैनाची पहिली नोंदणी एक पायरी खालच्या वर्गात केली आहे. मनगटावरचं घड्याळ त्या दिवशी पागेतच ठेवणार. कोर्स पायी दोनदा फिरायचा, एकदा सकाळी आणि एकदा तिच्या वेळेला, म्हणजे सावल्या कुठे पडतात ते कळेल. दुसऱ्या दिवशी काकांनी पाय तपासले की मगच पुढच्या स्पर्धेचा अर्ज भरायचा.