मिठातून तरलेलं बी

खाजन म्हणजे काय, हे बेळगावात दर वेळी समजावून सांगावं लागतं. माझं माहेर पेडणे तालुक्यातलं, शापोरा नदीच्या काठचं. समुद्राला भरती आली की खारं पाणी नदीतून कितीतरी आत चढतं. काठची सखल जमीन खरी तर त्या पाण्याचीच. पण कित्येक पिढ्यांपूर्वी गावच्या लोकांनी चिखल, दगड, पेंढा घालून बांध उभारले आणि बांधात मानस बसवली. मानस म्हणजे लाकडी दारांची मोरी. भरती चढू लागली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने दारं आपोआप मिटतात. ओहोटी लागली की आतलं पाणी ती ढकलून नदीत उतरतं. अशा राखलेल्या जमिनीला खाजन म्हणतात. पावसाळ्यात पाऊस मातीतलं मीठ धुऊन नेतो, तेवढ्या अवधीत तिथे सरदाचं भात पिकतं.

माझ्या सासूबाई, म्हणजे मुलांच्या अज्जी, मूळच्या कुमठ्याकडच्या. घरात त्यांच्याशी सगळे कन्नड बोलतात. लग्नानंतर पहिल्यांदा मी त्यांना खाजन सांगू लागले, तर मला मध्येच थांबवून त्या म्हणाल्या, "अदु नम्म गजनी!" म्हणजे ही तर आमची गजनी! अघनाशिनी नदीच्या मुखाजवळ, कुमठा तालुक्यातल्या माणिकट्ट्याच्या बाजूला अशीच बांध घातलेली खारी शेतं आहेत, आणि त्यांना गजनी म्हणतात. तिथे जे भात पिकतं त्याचं नाव कग्ग. मंकुतिम्माचा कग्ग वेगळा, हा भाताचा. आमच्या पेडण्यात आणि डिचोलीत त्याच जातकुळीचं काम करणारं भात म्हणजे कोरगुट. तांबड्या दाण्याचं, उंच वाढणारं. त्याच्या उकड्या तांदळाची पेज ज्याने खाल्ली आहे, त्याला वेगळं सांगायला नको.

दोन नद्या, दोन भाषा, दोन भातं आणि गुण एकच, खारं पाणी सोसण्याचा. हा गुण आला कुठून? लहानपणी मला वाटायचं, पिढ्यान् पिढ्या मिठात राहून भाताला सवय झाली असेल. आपल्याला तिखटाची होते तशी. पण सवय बियाण्यात उतरत नाही. मग जे उतरतं ते काय, याचं उत्तर मी आमच्याच शेतात पाहिलं आहे.

मी आठवीत असताना गणपतीनंतर पावसाने ओढ दिली आणि त्यातच बांध फुटला. तो बुजवायला आठ-दहा दिवस गेले. तोवर रोज दोनदा खारं पाणी शेतात शिरत होतं. शेजारच्या शेतात सुधारलेलं 'जया' भात होतं. त्याची पानं शेंड्यापासून करपत गेली आणि लोंब्या पांढऱ्या पडल्या. आमच्यात कोरगुट होतं, ते तगलं असं सगळे म्हणाले. पण आईबरोबर चिखलातून फिरताना मला दिसलं की सगळं तगलेलं नाही. काही रोपं जयासारखीच वाळली होती. काही खुरटी, अर्धी पोचट. आणि मध्ये मध्ये काही अशी उभी होती की जणू काही झालंच नाही. आई विळा घेऊन नेमक्या त्या उभ्या रोपांच्या लोंब्या वेगळ्या कापत होती. त्या वर्षी खायला भात कमी आलं, पण पुढच्या पेरणीची मुडी भरली. मुडी म्हणजे पेंढ्यात घट्ट बांधलेलं बी. कारवार-कुमठ्यापासून मंगळूरपर्यंत कन्नडमध्येही तिला मुडीच म्हणतात.

उत्क्रांती म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वाकलेल्या वानरापासून ताठ माणसापर्यंतचं ते चित्र येतं. आई त्या दिवशी चिखलात जे करत होती, तेही तेच होतं. डार्विनने १८५९ सालच्या आपल्या पुस्तकाची सुरुवातसुद्धा पाळीव जनावरं आणि लागवडीची झाडं यांपासूनच केली. माणूस दर पिढीत निवड करतो आणि जात बदलत जाते. निसर्गही तसंच करतो, फक्त त्याच्या हाती विळ्याऐवजी मीठ, दुष्काळ, रोग असतात.

यासाठी तीन गोष्टी लागतात. पहिली, सगळी रोपं सारखी नसणं. दुसरी, तो फरक बियाण्यातून पुढच्या पिढीत उतरणं. तिसरी, त्या फरकामुळे कुणाचे दाणे जास्त मागे राहणं, कुणाचे कमी. एकटं रोप आयुष्यात बदलत नाही. वाळायचं ते वाळतंच. बदलतं ते सगळं शेत, कारण पुढच्या वर्षी त्यात कुणाची लेकरं किती, हे प्रमाण बदलतं.

हिशेबच मांडून बघा. समजा शेतात १००० रोपं आहेत आणि त्यांतली १०० मीठ सोसणारी. खारं पाणी आलं. सोसणाऱ्यांतली दहापैकी आठ तगली, म्हणजे ८०. नाजूक ९०० पैकी दहात एक, म्हणजे ९०. सगळ्यांनी सारखेच दाणे दिले असं धरलं, तर पुढच्या पेरणीत सोसणाऱ्यांचं प्रमाण शंभरात १० वरून ४७ वर जातं. आणखी एक असंच वर्ष आलं तर ८८ वर. दोनच पावसाळे! मात्र मुळात ती १०० रोपं नसती, तर मीठ कितीही वेळा आलं असतं तरी निवडायला काही उरलं नसतं. मीठ हा गुण घडवत नाही, असलेल्यांतून गाळून घेतं.

फरक पुढे उतरतो कसा, हे डार्विनला नीटसं ठाऊक नव्हतं. आई-बापाचे गुण ताकात पाणी मिसळावं तसे मिसळतात, असा तेव्हाचा समज. तसं असतं तर चार-पाच पिढ्यांत सगळं ताक एकसारखं पातळ झालं असतं. ग्रेगोर मेंडेलने १८६६ साली वाटाण्यावरचे प्रयोग छापून दाखवलं की गुणांचे कण असतात. तांदळात मूग मिसळले तरी मूग मूगच राहतात, पुन्हा वेचता येतात. म्हणून तर अज्जींचे कुरळे केस माझ्या नवऱ्याला चुकवून थेट लेकीच्या डोक्यावर आले. १९०८ साली इंग्लंडचा गणिती हार्डी आणि जर्मनीतला डॉक्टर वाइनबर्ग यांनी स्वतंत्रपणे सिद्ध केलं की बाहेरून काही ढवळलं नाही, तर हे कण पिढ्यान् पिढ्या त्याच प्रमाणात टिकून राहतात. वैविध्य आपोआप विरत नाही. निवड किंवा नशीब, कुणीतरी ते घालवावं लागतं.

आज या कणांचे पत्तेही सापडले आहेत. भाताच्या पेशीत गुणसूत्रांच्या १२ जोड्या असतात. केरळच्या पोक्काळी भाताच्या पहिल्या गुणसूत्रावर मीठ सोसण्याशी निगडित असा एक भाग शास्त्रज्ञांना मिळाला, त्याला 'सॉल्टॉल' नाव पडलं. बंगालच्या 'नोना बोक्रा' या भातातलं त्याच गुणसूत्रावरचं एक जनुक २००५ साली ओळखलं गेलं. मुळातून वर चढणाऱ्या रसातलं मीठ ते वाटेतच अडवतं, पानांपर्यंत फार जाऊ देत नाही. आणि आपला पांढरा तांदूळ? रानातलं मूळ भात तांबडंच. एका जनुकातली फक्त १४ अक्षरं गळाली आणि तांबडेपणा गेला, असं २००६ साली दिसून आलं. नक्कल करताना झालेली ती चूक, पण लोकांना तो दाणा आवडला, त्यांनी तोच पेरला, आणि आज जगभर बहुतेक ताटांत तीच चूक वाढली जाते. आमच्या पेजेतला तांबडा दाणा हा मूळचा.

भात बहुतेक स्वतःच्याच परागाने फळतं. शेजारच्या रोपाशी संकर झालेले दाणे शंभरात एखादाही नसेल. तरी वर्षानुवर्षांत तेवढंही पुरतं, आणि उरलेलं काम बायका करत आल्या. माझी मावशी डिचोली तालुक्यात, पिळगावच्या बाजूला दिली. तिथलं खाजन मांडवीच्या काठचं. जवळच्या फेरीच्या धक्क्याचं नावच सारमानस. मावशी माहेरी आली की परतताना कोरगुटाचं बी नेई, आणि कधी आमचं पीक बुडालं की तिकडून आणून देई. शास्त्रात याला जनुकांचा प्रवाह म्हणतात. आमच्याकडे त्याला माहेरपण म्हणत. त्यामुळे पेडण्याचं कोरगुट आणि डिचोलीचं कोरगुट एका नावाखाली एकच वाण नसून पुष्कळ सख्ख्या-चुलत वाणांचा मेळा आहे. कुणाला लांब कुसळ, कुणाला आखूड. कुणी आठ दिवस आधी पिकतं, कुणी मागाहून. खाऱ्या वर्षी एकाचं चालतं, गोड पाण्याच्या वर्षी दुसऱ्याचं. म्हणून दोघंही शेतात राहिली.

जुन्या गोवा इथल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने याच मेळ्यातून निवड करून 'गोवा धान १' आणि 'गोवा धान २' हे वाण काढले. मीठही सोसतात आणि उत्पन्नही जास्त देतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही चांगलीच गोष्ट. पण त्यांची निवड करता आली ती मेळा शिल्लक होता म्हणून. उद्या नुसतं मीठ न येता मिठाबरोबर नवा रोग आला, किंवा समुद्राची पातळी वाढून पाणी महिनाभर थांबलं, तर पुढची निवड कशातून करणार?

हे सगळं आता आठवण्याचं कारण माझा धाकटा भाऊ. त्याने दोन वर्षं कोरगुट पेरलंच नाही. त्याचं म्हणणं खोटं नाही. मजूर मिळत नाहीत. कोरगुट उंच, वाऱ्याने आडवं होतं, मग कापणीचं यंत्र चालत नाही. उतारा कमी. बांधाची डागडुजी सगळ्यांनी मिळून करायची, आणि सगळे जमत नाहीत. २०२३ च्या जानेवारीत मोपाच्या विमानतळावरून विमानं उडू लागली, तेव्हापासून आमच्या बाजूला जमिनीचे भाव विचारणारे फोन येतात, भाताचा भाव कुणी विचारत नाही. तो मला म्हणाला, "ताई, भावनेवर भात पिकत नाही."

आई आता ७८ वर्षांची. ती त्याच्याशी भांडली नाही. मला फोन करून एवढंच म्हणाली, "मुडी जुनी होत चालली, एकदा येऊन बघ."

भाताचं बी आपल्या दमट हवेत फार काळ जगत नाही. दोन-तीन पावसाळे गेले की उगवण घसरते. दिल्लीच्या राष्ट्रीय जनुकपेढीत बी उणे १८ अंशांवर ठेवतात, तिथे ते पुष्कळ वर्षं टिकतं. पण तिथे ते थांबलेलं असतं. खारं पाणी नाही, पावसाची ओढ नाही, त्यामुळे निवडही नाही. दर वर्षी नव्या हवेशी जुळवून घेणारं बी हवं असेल तर ते दर वर्षी चिखलात पडायला लागतं.

मे महिन्यात मुलांना घेऊन गेले. आईने १०० दाणे मोजून ओल्या फडक्यात बांधले. चौथ्या दिवशी लेकीने मोड मोजले. ४२. उरलेले ५८ गेले, आणि ते मिठाने गेले नव्हते. त्यांत कुठलं लांब कुसळाचं होतं, कुठलं लवकर पिकणारं, कुठल्याने पुढचं एखादं संकट सोसलं असतं, हे आता कुणालाच कळणार नाही. वाण असाही संपतो, नुसत्या पडून राहण्याने. बी थोडं उरलं की कोणते गुण राहतील हे नशीबच ठरवू लागतं.

भाऊ त्या फडक्याकडे बघत बराच वेळ बसला. मग म्हणाला, "सगळं शेत नाही लावणार. मानशीजवळची पट्टी लावतो. तिथे दुसरं काही होतही नाही." उरलेल्या शेतात तो गोवा धान लावतो आहे. माझी त्याला हरकत नाही, आईचीही नाही. थोडं बी मावशीच्या सुनेकडे पिळगावला पाठवलं, म्हणजे एका जागी बांध फुटला तरी दुसरीकडे राहील. अज्जींनी कुमठ्याला भाच्याला फोन लावून विचारलं, कग्गाचं बी कुणाकडे आहे का. आहे म्हणे, दोन घरांत.

कन्नडमध्ये म्हण आहे, "बित्तिदंते बेळे." आपण म्हणतो, पेरलं तसं उगवतं. म्हण खरी आहे, फक्त आधी पेरावं लागतं. वाचकहो, तुमच्यापैकी अनेकांचं माहेर किंवा आजोळ खाडीकाठी असेल. गोव्यात असो, कारवारात असो की सिंधुदुर्गात. या दिवाळीला गेलात तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, जुन्या भाताचं बी आहे का, किती वर्षांचं आहे. असेल तर ओंजळभर मागून घ्या, आणि ज्याच्याकडे चिखल आहे त्याच्याकडे पोचवा.