पुदुच्चेरीहून धुळ्याच्या गल्लीत

गेल्या पौषात सपत्नीक पुदुच्चेरीस जाण्याचा योग आला. समुद्रालगतचा फ्रेंच विभाग पायीच पाहावा, म्हणून सूर्योदयापूर्वीच निघालो. पिवळ्या-पांढऱ्या भिंती, उंच लाकडी दारे, कुंपणावरून ओथंबलेली बोगनवेल आणि काटकोनात छेदणारे सरळ रस्ते. मात्र ही आखणी मुळात फ्रेंचांची नव्हे. १६९३ ते १६९९ या काळात गाव डचांकडे होते, तेव्हा ती झाली आणि फ्रेंचांनी पुढे चालविली.

कालवा ओलांडून तमिळ वस्तीत शिरलो, तो वैश्याळ रस्ता लागला. ही व्यापाऱ्यांची आळी. तेथील जुन्या घरांचे दर्शनी भाग इंटॅक संस्थेने घरमालकांना सोबत घेऊन पूर्ववत केले. त्या कामाचा युनेस्कोने २००८ मध्ये गौरव केला. तेथे उभा असताना मला आठवले ते माझे आजोळ, धुळे. परतल्यावर आठवड्याभरातच जळगावहून धुळ्याची बस धरली.

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला आणि पुढच्याच वर्षी कॅप्टन जॉन ब्रिग्जने धुळ्यास मुख्य ठाणे केले. तेव्हा गावात ४०१ घरे आणि २५०९ माणसे होती. त्याने व्यापाऱ्यांना निमंत्रण दिले, घरांसाठी जागा कायमच्या बिनभाड्याने दिल्या, पक्क्या बांधणीसाठी आगाऊ रकमा दिल्या. दूरदूरहून कारागीर बोलावले. जन्मभर कर्जाच्या फाइली हाताळलेल्या माझ्या मनात आले, हे शहर म्हणजे एक जुने गृहकर्जच! आणि आपल्या पूर्वजांसारख्यांनी ते पेढ्या चालवून, गाव नांदते ठेवून फेडले.

आग्रा रोडवरून समांतर गल्ल्यांत वळलो. आता मधूनमधून काचेची संकुले उभी आहेत. तरी एखाद्या घराचे कोरीव खांब, खाली दुकान, वर राहणे, दाराशी ओटा, अजून दिसतो. मामांच्या ओट्यावर मामेभाऊ बिल्डरचा करारनामा पुढ्यात घेऊन बसले होते. "भाऊसाहेब, तुम्ही बँकेतले. आकडा बरोबर आहे ना?" त्यांनी विचारले.

आकडा बरोबर होता. जागेची किंमत धरायची आणि जुन्या बांधकामाची शून्य, हा हिशेब मीच कितीदा सहीनिशी केला होता. त्या दिवशी मात्र लेखणी उचलवेना. ज्या ओट्यावर आजोबांच्या शब्दावर उधारी चालली, त्याला शून्य कसे म्हणावे?

मी वैश्याळ रस्त्याची छायाचित्रे दाखविली. म्हणालो, "मागे नवे बांधा, पुढचा भाग राखा." मामेभाऊंनी होकार दिला नाही, नकारही नाही. करारनामा मात्र घडी करून पेटीत ठेवला. सही दिवाळीनंतर पाहू, म्हणाले.

वाचकहो, आपल्याही गावी असा एखादा ओटा असेल. सही करण्यापूर्वी घटकाभर त्यावर बसून पाहावे, एवढीच विनंती.