नववी नापास काकाचा पासपोर्ट

“आप दसवीं पास हैं?”

डिसेंबर २०१९ मधल्या एका पहाटे लखनौच्या अमौसी विमानतळावर, इमिग्रेशनच्या काउंटरवर आमच्या पुतण्याला हा प्रश्न विचारला गेला. पुतण्या पंचवीस वर्षांचा, मेकॅनिकल इंजिनिअर. हातातल्या फाइलमध्ये पदवी, पदवीवर परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, नोकरीचं पत्र, ओमानचा कामाचा व्हिसा, सगळं क्रमाने लावलेलं. त्याला आधी वाटलं, साहेब चेष्टा करतायत.

साहेबांनी पासपोर्ट वळवून त्याच्यापुढे धरला. त्यावर तीन अक्षरं होती: ईसीआर.

आमचं घर मूळचं विट्याकडचं, दुष्काळी खानापूर तालुक्यातलं. त्या भागातली सोनं-चांदी गाळणारी गलाईवाली माणसं देशभर पसरली आहेत, तसेच आमचे आजोबा लखनौला आले आणि चौकातल्या सराफ्यात त्यांनी भट्टी लावली. मूस, तेजाब आणि टंच काढायचा हात, एवढंच भांडवल. सराफ्यात आम्हाला अजून ‘मराठा’ म्हणतात. पुतण्या या भट्टीला कंटाळला, शिकला, २०१६ मध्ये पदवीधर झाला आणि नादरगंजच्या एका कारखान्यात लागला. नादरगंज अमौसीच्या विमानतळाला लागूनच. तीन वर्षं त्याने डबा खाताना डोक्यावरून जाणारी विमानं पाहिली.

त्याचा पहिला डोळा कुवेतवर होता. पण २०१८ पासून तिथे इंजिनिअर म्हणून परवाना हवा तर तिथल्या अभियंता संघटनेचा दाखला लागायला लागला, आणि दाखल्यासाठी भारतातल्या एनबीएची, म्हणजे नॅशनल बोर्ड ऑफ अ‍ॅक्रेडिटेशनची, मान्यता पाहिली जाऊ लागली. एनबीए कॉलेजला नव्हे, एकेका शाखेला मान्यता देतं. पुतण्याच्या कॉलेजात ती दुसऱ्या शाखेला होती, मेकॅनिकलला नव्हती. तिथे वर्षानुवर्षं नोकरी करणारे आपले इंजिनिअरही या नियमात अडकले होते आणि प्रश्न थेट परराष्ट्रमंत्र्यांपर्यंत गेला होता. मग याने कुवेतचा नाद सोडला आणि ओमानमधल्या सोहारची नोकरी मिळवली.

आता ईसीआर, ‘एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड’, म्हणजे काय, ते आम्हाला त्या पहाटेपर्यंत माहीत नव्हतं. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याप्रमाणे कमी शिकलेला माणूस आखाती देशांसारख्या १८ देशांत कामाला निघाला, की आधी सरकारी अधिकाऱ्याची मंजुरी लागते. दहावी पास असाल तर लागत नाही. पण ही सूट आपोआप मिळत नाही. पासपोर्टच्या अर्जात एक प्रश्न असतो: तुम्ही नॉन-ईसीआर गटात बसता का? हो म्हटलं तर दहावीचं प्रमाणपत्र जोडायचं. २०१२ मध्ये, अठरा पूर्ण होताच, पुतण्याचा अर्ज एका सायबर कॅफेतल्या पोराने भरला. ‘नहीं’वर टिचकी मारली, एक कागद वाचला, काम लवकर झालं. पासपोर्ट आला तेव्हा घरात पेढे वाटले. फोटो कसा आलाय हे सगळ्यांनी पाहिलं, ती तीन अक्षरं कुणीच वाचली नाहीत.

मी बाहेर पार्किंगच्या कडेला चहा घेत उभा होतो. धुकं इतकं, की टर्मिनलचे दिवेही पुसट दिसत होते. फोन वाजला.

“काका, सोडत नाहीत.”

“काय झालं रं?”

“म्हणतात, तुम्हाला मंजुरी लागते. दहावी नापास लोकांना लागते ती. मी काय अडाणी आहे का, काका?”

मी नववी नापास आहे. तो हे विसरला होता, घाबरला होता, मला कळत होतं. तरी ते वाक्य आजही कुठेतरी सलतं.

आतला प्रकार त्याने नंतर कितीतरी वेळा सांगितला. साहेब वाईट वागले नाहीत, हेच त्याला जास्त लागलं. वाईट वागले असते तर भांडता आलं असतं. त्याने पदवी दाखवली, अपोस्टिल दाखवलं, मोबाइलमधला दहावीचा निकाल दाखवला, गणितात किती मार्क होते तेही सांगितलं. साहेबांनी सगळं शांतपणे पाहिलं आणि म्हणाले, “हम मान रहे हैं कि आप इंजीनियर हैं। पासपोर्ट नहीं मान रहा।” मग वरिष्ठ आले. त्यांनीही तेच सांगितलं. बाजूच्या खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं.

तो बसला असतानाच देवरियाचा एक गवंडी काउंटरवर आला. चेक-इनच्या रांगेत त्याच्या बॅगेचं वजन जास्त भरलं होतं, तो रडकुंडीला आला होता, आणि पुतण्यानेच त्याला धीर देऊन सामान कमी करायला लावलं होतं. त्याच्याही पासपोर्टवर तीच तीन अक्षरं. पण त्याच्याकडे मंजुरी होती, करार होता, विमा होता. दोन मिनिटांत शिक्का पडला. जाता जाता त्याने वळून विचारलं, “भैया, आप नहीं चल रहे?”

विमान गेलं. सामान उतरवून हातात यायला दोन तास लागले. वहिनींनी बांधून दिलेली शेंगदाण्याची चटणी बॅगेत फुटली होती. तो बाहेर आला तेव्हा उजाडलं होतं, आणि घरून दादांचे फोनवर फोन येत होते की विमानात बसला का.

गाडीत तो एकदम म्हणाला, “काका, तुमच्या पासपोर्टवर आहे का हो हे?”

घरी जाऊन पाहिलं. नव्हतं! २०१५ मध्ये दुबईचा सोनेबाजार बघायला म्हणून मी पासपोर्ट काढला, तेव्हा सीएने तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं जोडली होती. कर भरणाऱ्याला सूट आहे. पन्नाशी ओलांडलेल्यालाही आहे. म्हणजे नववी नापास काका उद्या मस्कतला मजुरीला निघाला तर त्याला कुणी अडवणार नाही, आणि इंजिनिअर पुतण्या खुर्चीवर बसून पाणी पीत राहणार. दादा हसले. वहिनी हसल्या नाहीत.

चौकातल्या एका ओळखीच्या एजंटाने त्याच संध्याकाळी तोडगा काढला: व्हिजिट व्हिसावर पाठवा, तिकडे बदलून घेतील. मलाही क्षणभर पटलं, खोटं कशाला बोलू? पण अशी वाट कुणी धरू नये. मंजुरीच्या वाटेने गेलेल्याचा करार तपासलेला असतो, २७५ रुपयांत दोन वर्षांसाठी १० लाखांचा विमा असतो, एजंटाला ३० हजार रुपये आणि वर जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. आखातात राहण्याचा परवाना नोकरीला बांधलेला. नोकरी गेली की मुदतीत देश सोडायचा. अशा ठिकाणी व्हिजिटवर गेलेल्या माणसाच्या मागे कोण उभं राहणार? त्या पहाटे मी ज्या कायद्याला शिव्या दिल्या, तो त्या गवंड्यासाठी केलेला होता. हे कळतं. राग मात्र गेला नाही.

नवा पासपोर्ट तत्काळमध्ये ३,५०० रुपयांत आठवड्याभरात आला. जुना कोपरा कापून परत मिळाला. पण नव्याचा नंबर नवा, आणि व्हिसा जुन्या नंबरवर. कंपनीने दुरुस्ती करते म्हणून सांगितलं, दोन आठवडे लावले, मग कळवलं की जागा भरली.

मार्च २०२० मध्ये विमानंच थांबली. मे महिन्यात अडकलेल्या लोकांना घेऊन आखातातून विमानं अमौसीला उतरू लागली, तेव्हा वहिनी टीव्हीसमोर हात जोडून म्हणाल्या, “बरं झालं गेला नाही.” मला तसं म्हणवेना. कदाचित त्याची नोकरी टिकलीही असती. तो गवंडी कुठे असेल, हेही मनात आलं.

पुतण्या २०२२ मध्ये दुबईला गेला. अमौसीहूनच. त्या वेळी मी सोडायला गेलो नाही, दुकानात काम आहे म्हणून सांगितलं.

गेल्या वर्षी पुतणीचा पासपोर्ट काढायचा होता. मी त्याच सायबर कॅफेत गेलो, बाकीची दुकानं लांब पडतात. पोरगा आता बाप्या झालाय, त्याला काही आठवत नव्हतं, मीही तो विषय काढला नाही. त्या प्रश्नापाशी आल्यावर त्याचा हात थांबवला आणि पुतणीचं दहावीचं प्रमाणपत्र टेबलावर ठेवलं. “अरे अंकल,” तो म्हणाला, “लड़की है, कौन सा मज़दूरी करने जा रही है?”

मी म्हटलं, “तू ‘हाँ’ दबा.”