आपला संघ कोणता?

मालव्यातल्या मराठी घरांत क्रिकेटच्या गप्पा निघाल्या की वडीलधारी मंडळी हमखास होळकर संघावर येतात. सी. के. नायडूंच्या त्या संघाने रणजी करंडक चार वेळा जिंकला, शेवटचा १९५२-५३ साली. त्यानंतर आमच्या पिढीने नुसत्या आठवणीच ऐकल्या.

१९९९ च्या एप्रिलमध्ये मात्र आशा वाटली. मध्य प्रदेश अंतिम सामन्यात पोहोचला होता. बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानावर कर्नाटकाविरुद्ध पहिल्या डावात आघाडीही मिळाली, पण शेवटच्या दिवशी सामना हातचा गेला. त्या संघाचे कर्णधार होते चंद्रकांत पंडित. मुंबईत वाढलेले, रमाकांत आचरेकर सरांच्या हाताखाली घडलेले, भारताचे माजी यष्टिरक्षक.

पुढे पंडित प्रशिक्षक झाले. मुंबईला त्यांनी तीनदा रणजी करंडक जिंकून दिला. मग विदर्भाकडे गेले. त्या संघाने पूर्वी एकदाही अंतिम सामना खेळला नव्हता, तो सलग दोन वर्षे विजेता ठरला. त्यातला पहिला विजय १ जानेवारी २०१८ रोजी आपल्या शेजारी, इंदूरच्या होळकर मैदानावर मिळाला. २०२० मध्ये ते मध्य प्रदेशाचे प्रशिक्षक झाले. शिस्तीला अतिशय कडक, अशी त्यांची ख्याती.

जून २०२२ मध्ये पुन्हा तेच चिन्नास्वामी मैदान, पुन्हा अंतिम सामना, आणि समोर खुद्द मुंबई! आमच्या देवासच्या घरात त्यावरून दोन तट पडले. काका म्हणाले, "मुंबई म्हणजे आपली माणसं." मुलगी म्हणाली, "आजोबा, मग रजत पाटीदार कोणाचा? तो तर इंदूरचा!" मला दोघांचंही पटत होतं, म्हणून मी गप्प राहिले.

यश दुबे, शुभम शर्मा आणि पाटीदार या तिघांनी शतके ठोकली. २६ जूनला, रविवारी, मध्य प्रदेशाने सहा गडी राखून सामना जिंकला. खेळाडूंनी पंडितांना खांद्यावर उचलून घेतलं. तेवीस वर्षांपूर्वी याच मैदानावर हरलेल्या कर्णधाराचे डोळे भरून आले होते. काकांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "पोरांनी नाव काढलं." कोणत्या पोरांनी, ते आम्ही विचारलं नाही.

विद्यार्थी मित्रहो, पवारांबरोबर आपले पूर्वज नर्मदा ओलांडून धार-देवासला आले, त्याला जवळजवळ तीनशे वर्षे होत आली. घरात आपण मराठी बोलतो, सणवार करतो, ते जपायलाच हवं. पण ज्या मातीत राहतो तिचं काम मनापासून करणं हाही आपलाच संस्कार आहे. पंडितांनी त्या पाच दिवसांत आपल्या जन्मगावाविरुद्ध डाव आखले. त्यामुळे ते मुंबईचे राहिले नाहीत, असं कोणी म्हणणार नाही.

आणखी एक गोष्ट. प्रशिक्षक स्वतः एक धावही काढत नाही. कर्णधार म्हणून जे हुकलं, ते पंडितांना दुसऱ्यांच्या हातून घडवावं लागलं. आपल्या शाळेतले गुरुजी आणि बाई रोज हेच करत असतात. पालकांनी आणि विश्वस्त मंडळींनी शाळेच्या मैदानाकडे, तिथे उन्हात उभ्या राहणाऱ्या खेळाच्या शिक्षकांकडे थोडं अधिक लक्ष द्यावं, एवढंच मागणं.